रिळांचा गाडा

माग भंगारात गेला, किलोला सत्तावीस रुपये.
नायनानं बीम तेवढा दिला नाही.
दोन उन्हाळे तो मोरीच्या भिंतीला टेकून राहिला,
आई त्यावर टॉवेल वाळत टाकायची.

मला वायरमनचं लायसन मिळालं त्या आठवड्यात
बीम खांद्यावर घेऊन तो वेल्डरकडे गेला
आणि परत आला गाडा ढकलत.
बीमच्या नळीचे चार तुकडे, तीच चार रिळं,
मागची चाकं लुनाची,
पुढची दवाखान्यातल्या स्ट्रेचरची,
त्यातलं एक आपल्या मनानं डावीकडे जातं.
लाल, काळी, हिरवी.
चौथं रीळ कशाला, विचारलं तर म्हणाला,
असू दे बे.

त्याआधी मी गुंडाळी जमिनीवर टाकून ओढायचो.
वायर पीळ खायची, गाठीला यायची,
आणि त्याची बोटं बसल्या जागी चुळबुळायची.
ओढू नकोस. येऊ दे.
सूत असो का तांबं,
त्याला वाटलं पाहिजे, आपणच निघालाव.

कुंभारीच्या अलीकडे भूदेवीबाई मादगुंडींचं घर,
वर एक खोली नवी.
गाडा मीटरखाली, गाड्यापाशी नायना.
मी वरून ओढतो, तो खाली रीळ फिरू देतो,
तळहात थाळीवर, जेमतेम टेकलेला.
आमच्यात हाक नाही.
वळणावर मी अडलो की त्याच्या बोटांत कळतं,
अर्धा हात ढील येते.
दुपारी पत्रा कडकड वाजत होता उन्हानं.
हिशेबानं चौदा मीटर शिल्लक हवी होती.
रीळ रिकामं झालं,
बोर्ड अजून दीड हात लांब.

सांध की, खालून आवाज आला.

चाळीस वर्षं त्यानं तेच केलं होतं.
तुटलं की चिमटीत दोन टोकं, एक पीळ,
शेजारच्या मागाला कळायच्या आत धोटा पुन्हा चालू.
त्याच्या एकेका चादरीत किती सांधे होते
पांघरणाऱ्याला कधी लागले नाहीत.

नायना, पाइपात सांधा चालत नाही.

भूदेवीबाईंची कात्री तेवढी विडीच्या पानांवर चालत होती.
का?
तापतो. आतल्या आत. बाहेरून दिसत नाही.
हं, म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही.

सगळी वायर मागं काढली.
त्यानं ती चौथ्या रिळावर घेतली,
ओठांत तेलुगू आकडे.
थर चढला की फेरा वाढतो, तेही धरून.
सकाळपासून सुटलेला प्रत्येक फेरा त्याच्याकडे जमा होता.
नव्वद नाही हे, म्हणाला. अठ्ठ्याऐंशीला संपलंय.

दुकानदारानं खोक्यावरचा आकडा दाखवला.
काका, कंपनीत मशीन मोजतं.
मशीन तर मीपण होतो, नायना म्हणाला,
आणि गाड्याचं तोंड रस्त्याकडे करून
चौथं रीळ सोडायला लागला.
लाल वायर गटारावरून, दोन स्कूटरींखालून,
पानपट्टीच्या बाकड्यापर्यंत गेली.
पानवाला मोजायला उतरला. एक रिक्षावालाही.
शेवटी दुकानदार कात्री घेऊन आला,
नव्या गुंडाळीची दोन मीटर तोडली, हातात दिली.

दोन मीटर. सुटा तुकडा.
कशाला जोडणार तो?
मी तोंड उघडलं, आणि मिटलं.
त्यानं तुकडा सरळ केला, पीळ काढला,
पदराचा काठ बघावा तसा उजेडात धरून बघितला,
आणि उरलेल्या वायरीवर नीट गुंडाळून ठेवला.

अशोक चौकात पुढचं चाक डावीकडे ओढायला लागलं,
जुन्या कारखान्याच्या बोळाकडे.
मी दांडा आवळून धरला.
त्यानं माझ्या हातावर हात ठेवला,
थाळीवर ठेवायचा तसा.
येऊ दे, म्हणाला.